न तापलेल्या इंजिनाचा बझर : हतनूरच्या पाण्यातल्या एका आउटबोर्डचं प्रकरण

बोट अठरा फुटी, फायबरची. मागे ४० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन (पुढे त्यालाच मोटर म्हटलं आहे), पेट्रोल इंजेक्शनचं. काम शोध आणि बचावाचं. पावसाळ्यात तापीला पूर आला की काठच्या गावांकडे जायचं, महाशिवरात्रीला चांगदेवजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर भाविकांची गर्दी असते तेव्हा गस्त घालायची, आणि एरवी हतनूर धरणाच्या फुगवट्यात सराव करायचा.

तक्रार अशी होती : चालता चालता बझर वाजतो, पॅनेलवर दिवा लागतो, आणि काही वेळा इंजिन २००० आरपीएमच्या वर जातच नाही. किल्ली बंद करून परत फिरवली की सगळं सुरळीत. मग दोन-दोन दिवस काही नाही, आणि पुन्हा तेच. बोट चालवणारे नाना मला म्हणाले, “भाऊ, वाजते तं एकदम वाजते, नही तं दिवसभर गप राहते. इंजिन तं बरोबर चालू राह्यलं.”

नानांचं आयुष्य या पाण्यावर गेलं आहे, त्यामुळे इंजिन बरोबर चालतंय हे त्यांचं म्हणणं मी हलकं घेतलं नाही. पण २००० आरपीएमचा प्रश्न गंभीर होता. इंजिनाच्या कॉम्प्युटरला तेलाचा दाब कमी झाला किंवा इंजिन तापलं असं वाटलं, की तो स्वतःहून वेग दाबून धरतो, म्हणजे इंजिन फुटण्याआधी माणूस किनाऱ्याला लागेल. शांत फुगवट्यात याचं काही वाटत नाही. हतनूरच्या ४१ दरवाज्यांपैकी बरेच उघडलेले असताना धरणाखालच्या धारेत मात्र एवढ्या वेगावर बोट प्रवाहाला तोंड देऊन उभीही राहत नाही. अशा वेळी बोटीत पुरातून काढलेली माणसं असतात. म्हणून ‘किल्ली बंद-चालू केली की जातं’ हे उत्तर मला कधीच पटलं नाही, आणि तुमच्याकडे बोट असेल तर तुम्हीही ते मान्य करू नका.

माझं मूळ काम भुसावळला ऑटो इलेक्ट्रिकचं. जीप, ट्रॅक्टर आणि आता काही वर्षं या बोटी. माझ्याकडे येण्याआधी या मोटरवर बरंच काही होऊन गेलं होतं. तेलाच्या दाबाचा स्विच नवा, तापमानाचा सेन्सर नवा, बॅटरीही नवी. शिवाय इंजिनातली थंड पाण्याची वाट उघड-बंद करणारा थर्मोस्टॅट काढून टाकलेला. “आपल्याकडे ४५ डिग्री ऊन पडतं, इथे थर्मोस्टॅट कशाला,” असं कोणीतरी सांगितलं होतं आणि सगळ्यांना ते पटलं होतं. जीपच्या, ट्रॅक्टरच्या बाबतीतही खानदेशात हेच चालतं, आणि मला ते फार खटकतं. त्याकडे पुढे येतो, कारण या प्रकरणाचं मूळ निम्मं तिथेच आहे.

येऊन-जाऊन असणाऱ्या दोषाची अडचण ही, की तो नसतो तेव्हा मीटर काहीच सांगत नाही. बॅटरी मोजली : १२.७ व्होल्ट, उत्तम. मोटरच्या टोकाला मोजलं : तिथेही १२.७. थंड पाण्याची धार, म्हणजे इंजिनाच्या बाजूने बारीक पिचकारी पडते ती, जोरात होती. काऊल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून इंजिन चालू ठेवून वायरिंगचा जुडगा हाताने हलवला, कनेक्टर ओढून पाहिले, सुरक्षेची दोरी सुटली की इंजिन बंद करणारा किल-स्विच हलवला. काही झालं नाही. मोटरमधली जुनी नोंद वाचायला कंपनीची केबल आणि सॉफ्टवेअर लागतं, ते हाताशी नव्हतं. इथे बहुतेक लोक पुढचा पार्ट बदलायला घेतात. मी नानांना एक शाळेची वही दिली.

सांगितलं एवढंच, की वाजला की लगेच लिहायचं : वेग किती होता, हातात काय होतं, वळण घेत होता की सरळ, लाट होती का, कोणता दिवा, बझर थांबून थांबून की सलग, आणि त्याआधी पाच मिनिटं बोट काय करत होती. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नाना फार शिकलेले नाहीत, पण त्यांनी दिव्यांची चित्रं काढली. तेलाची कुपी, इंजिनाचं चिन्ह, सगळं ओळखू येईल असं. मोटरची पुस्तिका काढून आम्ही प्रत्येक दिव्याचा आणि बझरच्या प्रत्येक तऱ्हेचा अर्थ वहीच्या पहिल्या पानावर उतरवला. हे त्या-त्या मोटरच्या पुस्तिकेतूनच घ्यावं, कारण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. एका मोटरवर बझरचे जे ठोके तेलाचे, तेच दुसरीवर गिअर न्यूट्रलला नसल्याचे असू शकतात.

वही भरत आली तेव्हा नोंदींचे सरळ दोन ढीग पडले.

पहिल्या ढिगात बझर क्षणभराचा. इंजिनाच्या चिन्हाचा दिवा, कधी सगळेच दिवे एकदम लुकलुकलेले, आणि आरपीएमचा काटा पटकन शून्याला जाऊन परत आलेला. इंजिनाचा आवाज मात्र बदललेला नाही. ‘हातात काय होतं’ या रकान्यात जवळजवळ प्रत्येक वेळी एकच उत्तर : ट्रिमचं, म्हणजे आउटबोर्ड वर-खाली कलतं करायचं बटण. जिथे ट्रिम नाही तिथे लाटेवर आपटणं.

दुसऱ्या ढिगात सलग बझर आणि तेलाची कुपी. वेग दाबला जायचा तो याच ढिगात. लाट नाही, बटण नाही. आधी बराच वेळ जोरात पळवलेली बोट, मग जलपर्णीजवळ किंवा घाटाजवळ अगदी स्लोवर आणलेली, आणि स्लोवर मिनिट-दोन मिनिटं गेल्यावर बझर. नंतर रेस दिली तरी इंजिन २००० च्या वर जाईना.

तापल्याचा दिवा संपूर्ण वहीत एकदाही नव्हता. तरी काठावर ज्याला विचाराल तो ‘इंजिन गरम होतंय’ असंच सांगत होता.

पहिला ढीग : व्होल्ट कुठे जातात

ट्रिमची मोटर चाळीसेक अँपिअर सहज ओढते. म्हणून व्होल्ट मोजायचे तर ती ओढत असतानाच मोजायचे. मी मल्टिमीटर बॅटरीच्या खांबांवर धरला, नानांनी ट्रिम वर घेतला : १२.३. तेच मोटरच्या टोकाला : ९.८. बटण सोडलं की दोन्हीकडे पुन्हा १२.७. अडीच व्होल्ट वाटेत जात होते, आणि वीज ओढली नाही तर ते दिसतच नव्हते. बॅटरी नवी घालूनही काही फरक पडला नाही तो यामुळे.

आता ते कुठे जातात ते पाहायचं. मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर, दुसरी मोटरच्या प्लसवर, आणि बटण दाबायचं : ०.७ व्होल्ट. तसंच निगेटिव्हला, बॅटरीचा खांब ते इंजिनाचा ब्लॉक : १.८. म्हणजे मोठी चोरी अर्थच्या, म्हणजे निगेटिव्हच्या बाजूला. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, साध्या मीटरवर होते, आणि माझ्या मते कुठल्याही बोटीवर कुठलाही सेन्सर बदलण्याआधी ती झालीच पाहिजे.

फळ्या उचलल्यावर कारण दिसलं. बचावाचं सामान मागे ठेवल्याने बोट मागे बसायची, म्हणून कोणीतरी बॅटरी मधल्या सीटखाली हलवली होती. मोटरची मूळ केबल तिथवर पोचत नव्हती. तिला घरच्या इन्व्हर्टरला वापरतात तसली १० चौरस मिलिमीटरची वायर पिळून जोडलेली, वर काळी टेप. जोड नेमका जिथे तळाला पाणी साचतं तिथे. टेप कापली तर तांब्यावर हिरवा कीट, आणि पिळलेल्यातले निम्मे धागे नुसते टेकलेले. बॅटरीवर हाताने पिळायचे विंग नट, त्यातला निगेटिव्हचा नट बोटाने फिरत होता.

वायर बारीक आहे एवढंच कारण पुरेसं होतं का, हेही पाहिलं. १० चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे सुमारे १.८३ मिलिओहम. जाऊन-येऊन सहा मीटर वाढ म्हणजे ११ मिलिओहम. चाळीस अँपिअरला अर्धा व्होल्टही जात नाही. बाकीचा जवळजवळ सगळा तोटा जोड आणि सैल नटांचा. लाटेवर आपटलं की तो जोड हलायचा, म्हणून बटण न दाबताही बझर. कॉम्प्युटरला क्षणभर वीज कमी पडली की तो दिवे लावतो, फारच पडली तर स्वतः बंद होऊन परत चालू होतो. काटा शून्याला जाऊन येतो तो हाच क्षण.

याच जोडामुळे आणखी एक गोष्ट होत होती. चार्जिंग मोटरच्या बाजूला तयार होतं आणि बॅटरीपर्यंत जायचं तर याच कीट लागलेल्या जोडातून. रेग्युलेटर स्वतःजवळचे व्होल्ट बघून समाधानी, आणि बॅटरी मात्र अर्धपोटी. जुनी बॅटरी लवकर बसली म्हणून बदलली होती, ती अशी.

दुरुस्तीत काही विशेष नव्हतं. बॅटरी ते मोटर ३५ चौरस मिलिमीटरची एकसंध केबल, मध्ये एकही जोड नाही. टोकांना कल्हई केलेल्या तांब्याच्या थिंबल, हायड्रॉलिक क्रिम्पने दाबलेल्या, वर गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. विंग नट काढून षटकोनी नट आणि लॉक वॉशर, पान्याने आवळलेले. केबल तळाच्या पाण्याच्या वर, ठिकठिकाणी क्लिपने धरलेली. नंतर पुन्हा ट्रिम दाबून मोजलं : बॅटरीला १२.३, मोटरला १२.०.

पहिला ढीग इथे संपला. बझर मात्र संपला नव्हता, आणि दोन ढीग वेगळे ठेवले नसते तर या टप्प्यावर ‘केबल बदलूनही काही झालं नाही’ असं म्हणून नवी केबल उगाच बदनाम झाली असती.

दुसरा ढीग : तेलाची कुपी

तेलाच्या दिव्याबाबत माझा एक नियम आहे. गेज लावून दाब मोजल्याशिवाय तो दिवा खोटा मानायचा नाही. स्विच खराब असेल, वायर घासली असेल, सगळं शक्य आहे. पण दिवा खरा असेल आणि आपण स्विच बदलत बसलो तर क्रँकचे बेअरिंग जातात, आणि मग खर्च मोटरच्या किमतीला भिडतो. स्विच काढून त्याच भोकात यांत्रिक दाबमापक बसवला आणि वहीत लिहिलेली स्थिती जशीच्या तशी घडवली. फुगवट्यात मोकळ्या पाण्यात बराच वेळ जोरात पळवली, मग पूर्णेच्या बाजूला वळून स्लोवर आणली. थंड असताना काटा चांगला वर होता. आता तो खाली सरकत पुस्तिकेत दिलेल्या किमान आकड्याच्याही खाली आला. दिवा खरं बोलत होता.

मोटर बंद केली, थोडं थांबलो, डिपस्टिक काढली. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर. नानांनी आधी सांगितलंच होतं, की तेल कमी होत नाही, उलट भरलेलंच दिसतं, आणि त्यांना ते चांगलं लक्षण वाटत होतं. काठी नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास स्पष्ट. थेंब बोटावर घेतला तर तेलाचा चिकटपणा जाणवेना.

तेलात पेट्रोल उतरतं कसं? इंजिन थंड असताना इंजेक्शनचा कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, कारण थंड भिंतींवर पेट्रोलची वाफ नीट होत नाही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या बाजूने खाली तेलात जातं. इंजिन पुरेसं तापलं की एरवी ते तेलातून उडून जातं. पण इंजिन तापूच दिलं नाही तर?

इथे तो काढलेला थर्मोस्टॅट आठवा. जीपला रेडिएटर असतो, तेच पाणी फिरत राहतं आणि बाहेरच्या हवेशी त्याचा संबंध येतो. आउटबोर्डला रेडिएटर नाही. खालून नदीचं ताजं पाणी ओढायचं, इंजिनातून फिरवायचं, बाहेर टाकायचं. बाहेर ४५ डिग्री ऊन असलं तरी या इंजिनाचा सामना नदीच्या पाण्याशी आहे, आणि नदीचं पाणी भर उन्हाळ्यातही इंजिनाला हव्या असलेल्या तापमानापेक्षा खूपच थंड असतं. थर्मोस्टॅट हा त्या वाटेवरचा दरवाजा. इंजिन ठरलेल्या तापमानाला येईपर्यंत तो बंद राहतो. तो नसला की थंड नदी अखंड इंजिनातून वाहते. मी थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, स्लोवर, चांगली चालवल्यानंतर : ४० च्या आतबाहेर. या मोटरचा थर्मोस्टॅट ६० डिग्रीला उघडणारा.

म्हणजे कॉम्प्युटरला सतत थंड इंजिन दिसत होतं आणि तो सतत जादा पेट्रोल ओतत होता. स्लोचा वेग कधी नीट खाली बसत नाही अशी एक ओळ वहीत होती, तिचाही अर्थ आता लागला. सराव आणि गस्त म्हणजे बहुतेक वेळ हळूहळू फिरणं, त्यात तर हे पेट्रोल उडून जाण्याची संधीच नाही. तेल पातळ होत गेलं. मग कधीतरी लांब पळवली की भाराने तेच तेल तापून आणखी पातळ व्हायचं, स्लोवर आणलं की पंपाचा वेग कमी, आणि दाब खाली. आधीच्या दुरुस्तीने इंजिन थंड ठेवलं, आणि त्या थंडीनेच तेलाचा दिवा लावला.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हेच. खानदेशात उन्हाची धास्ती इतकी खोल आहे, की कुठलाही बझर वाजला तरी आपण उष्णतेकडेच बोट दाखवतो. दोष शोधणाऱ्याने आपल्या हवेचा अंदाज बाजूला ठेवून इंजिनाला थर्मामीटर लावला पाहिजे.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी गरम पाण्याच्या भांड्यात दोरीला टांगून, शेजारी थर्मामीटर ठेवून, उघडताना पाहिला. तो भांड्याच्या तळाला टेकू द्यायचा नाही, नाही तर तो तळाची उष्णता घेतो. तेल आणि फिल्टर बदलले. तेल एफसी-डब्ल्यू खुणेचं, पुस्तिकेतल्या ग्रेडचं. फोर-स्ट्रोक आउटबोर्डसाठी ही खूण बघूनच तेल घ्यावं, त्यात गंजापासून संरक्षणाचं मिश्रण असतं आणि पाण्यावरच्या मोटरला ते लागतं. पातळी खुणेच्या वर जाऊ दिली नाही.

थर्मोस्टॅट परत घातला म्हणजे आता थंड पाण्याचा पुरवठा खरोखर निर्दोष असायला हवा, म्हणून खालचा भाग उतरवून पाण्याचा पंपही उघडला. हतनूरला गाळ किती येतो हे इकडच्या कोणालाही सांगायला नको. बारीक गाळाने पंपाची स्टीलची वाटी रेघाटलेली होती आणि रबरी इम्पेलरची पाती एका बाजूला वाकून तशीच राहिली होती. स्लोवर ही पाती वाटीच्या भिंतीला घासून पाणी ढकलतात. झिजली की पहिला फटका स्लोलाच बसतो. वाटी, पट्टी आणि इम्पेलर बदलले. हा दोष बझरमागे नव्हता, पण थर्मोस्टॅटसोबत काही महिन्यांत तो पुढे आलाच असता. पिचकारीची धार जोरात पडते म्हणजे सगळं ठीक, असं मात्र समजू नये. ती धार पंपातून पाणी वर येतंय एवढंच सांगते, इंजिनाच्या प्रत्येक कोपऱ्यात पोचतंय हे सांगत नाही. उलटही होतं : धार बंद, पण इंजिन ठीक, कारण बोट बरेच दिवस काठावर असताना त्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. म्हणून नानांच्या डब्यात आता ते भोक साफ करायला नायलॉनची जाड तार असते.

महाशिवरात्रीच्या आधी पुन्हा दाबमापक लावून तीच फेरी मारली. मोकळ्या पाण्यात जोरात, मग संगमाकडे स्लो. दाब किमान आकड्याच्या वर स्थिर राहिला. थर्मामीटर साठीच्या आसपास. स्लोचा वेग पुस्तिकेप्रमाणे खाली बसला. नानांनी मुद्दाम लाटेवर घेतली, ट्रिम वर-खाली केला, काटा जागचा हलला नाही. यात्रेच्या दिवशी दिवसभर बोट काठाकाठाने हळू फिरली, म्हणजे आधी ज्या स्थितीत तेलात पेट्रोल उतरत राहायचं त्याच स्थितीत. वहीत त्या तारखेला फक्त पेट्रोल किती भरलं याची नोंद आहे.

वही चालू ठेवायची असं ठरलं. तेलाची पातळी आता दर सरावाआधी, मोटर उभी आणि थंड असताना बघतात, आणि वाढली तर ती घटल्याइतकीच धोक्याची मानतात. ट्रिम दाबून व्होल्ट मोजायचं काम पथकातल्या एका तरुणाने घेतलं आहे. मोटरच्या टोकाला ११.५ च्या खाली दिसलं तर नट आणि थिंबल तपासायचे. इम्पेलर दर पावसाळ्यानंतर बदलायचा, मग तो दिसायला कसाही असो. पुस्तिका एवढ्या लवकर सांगत नाही, पण ती गढूळ तापी बघून लिहिलेली नाही.

आधी बदलून काढलेला तेलाचा स्विच आणि तापमानाचा सेन्सर पथकाने टाकून दिले नव्हते. सेन्सर गरम पाण्यात धरून रोध मोजला : पाणी तापेल तसा तो न अडखळता उतरत गेला. स्विचही दाबमापकासोबत तपासला, योग्य दाबाला चालू-बंद झाला. दोन्ही चांगले. पुसून, नावाची चिठ्ठी लावून, सुटे भाग ठेवतात त्या डब्यात ठेवले आहेत.